फ्रेंच ओतीव काचेचे जुने दागिने: ओळख, खरेदी आणि सांभाळ

जुने फ्रेंच खोटे दागिने जमवायला निघालेला माणूस पहिल्यांदा फॅशनघराचा शिक्का शोधतो. शनेल लिहिलंय का, दिओर लिहिलंय का, काहीच नसेल तर खाली ठेवून पुढे. ओतीव काचेच्या बाबतीत ही सवय महागात पडते, कारण या कामाचा सर्वांत चांगला काळ बराचसा बिनशिक्क्याचा आहे. 1920 आणि 30च्या दशकांत पॅरिसच्या कार्यशाळांनी मोठमोठ्या फॅशनघरांसाठी जे घडवलं, त्यावर बहुधा काहीच उमटवलेलं नसतं. उलट ठळक शिक्का मारलेला नकली माल आज हवा तेवढा मिळतो. म्हणून या लेखात काच आधी आणि नाव नंतर, असा क्रम ठेवला आहे.

नेमकं काय जमवायचं, ते आधी ठरवा

'फ्रेंच काचेचे दागिने' म्हटलं की विक्रेते तीन-चार वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतात.

पहिली गोष्ट म्हणजे खरी ओतीव काच. धातूच्या तारेची चौकट करायची, काचेची कांडी ज्योतीवर वितळवायची आणि तो रस थेट चौकटीत सोडायचा. हे काम ज्या घराण्याच्या नावाने ओळखलं जातं ते मेझाँ ग्रिप्वा. ऑगस्तीन ग्रिप्वा यांनी 1869 साली पॅरिसमध्ये काम सुरू केलं ते काचेच्या मण्यांचं आणि नकली मोत्यांचं. पुढे वर्थ आणि पोल प्वारे यांच्या फॅशनघरांसाठी आणि रंगभूमीसाठी घराण्याने दागिने केले. फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या रंगमंचावरच्या दागिन्यांशीही हे नाव जोडलं जातं. 1920च्या दशकात सुझान ग्रिप्वा यांचं कोको शनेलशी जमलं आणि मग 'ग्रिप्वा' हे त्या पद्धतीचंच नाव होऊन बसलं. सुझाननंतर जोसेत, त्यांच्यानंतर थिएरी असं काम पुढच्या पिढ्यांकडे गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे साच्यातली काच. काचेची भुकटी साच्यात भरून भट्टीत भाजायची, ही पद्धत म्हणजे 'पात द व्हेर'. गाब्रिएल आर्जी-रूसो (1885–1953) यांची रेशमी गोफात ओवलेली पदकं या पद्धतीची. रने लालीक यांची पदकंही साच्यातलीच, पण ती भुकटी भाजून केलेली नव्हेत. वितळलेली काच साच्यात दाबून केलेली. दोन्हींचं जग वेगळं आणि भावही वेगळे. गोंधळ असा की बाजारात ग्रिप्वा पद्धतीच्या दागिन्यालाही सर्रास 'पात द व्हेर' म्हणतात. त्यामुळे जाहिराती शोधताना ते नाव, 'व्हेर कुले' म्हणजे ओतीव काच, आणि नुसतं 'ग्रिप्वा' अशी तिन्ही नावं टाकून बघावीत. नुसतं 'जुना फ्रेंच काचेचा ब्रोच' एवढंच लिहून टाकणारे विक्रेते तर सर्वांत लाडके, कारण त्यांना हातात काय आहे ते माहीत नसतं.

तिसरी गोष्ट मणी आणि मोती. यात लुई रूसले (1892–1980) यांचं नाव मोठं. काचेचे मणी, गॅलॅलिथचे (दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या जुन्या प्लास्टिकचे) मणी, मोत्यांचे सर असं त्यांच्याकडे बरंच निघे. फ्रेंच काचमोत्याची गंमत अशी की त्याची झळाळी माशाच्या खवल्यांतून येते. एब्लेत नावाच्या छोट्या गोड्या पाण्यातल्या माशाचे खवले धुऊन त्यांतला चमकदार अर्क काढायचा. सतराव्या शतकात पॅरिसच्या जाकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्या कारागिराने ही युक्ती काढली असं मानतात. जुन्या मोत्यात हा अर्क पोकळ काचेच्या गोळीच्या आतून फिरवलेला आणि आत मेण भरलेलं असतं. नंतरच्या मोत्यात भरीव काचेवर बाहेरून थर दिलेले असतात. भोकापाशी भिंग लावलं की फरक कळतो. आतून थर असेल तर भोकाची कड स्वच्छ काचेची दिसते, बाहेरून असेल तर तिथे सालं निघालेली असतात.

सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा की एकच प्रकार धरावा, तोही ओतीव काच. बाकीचं नजर बसल्यावर.

हे घडतं कसं, ते कळल्याशिवाय खरेदी करू नका

एक पानाच्या आकाराचा ब्रोच डोळ्यांपुढे आणा. कारागीर आधी पितळेच्या किंवा तांब्याच्या पातळ तारेची पानाची कड वळवतो. मधली शीर, बाजूच्या शिरा, त्याही तारेच्या. तारा जिथे भेटतात तिथे डाख देतो. आता हातात पानाचा सांगाडा आहे आणि मधले कप्पे मोकळे आहेत. मग ज्योतीवर काचेची कांडी धरायची. टोक मऊ होऊन मधासारखं ओघळायला लागलं की कप्प्यात सोडायचं, तारेला चिकटेपर्यंत पसरवायचं, पुढच्या कप्प्यात जायचं. काच आणि धातू तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत आणि निवताना सारखे आकसत नाहीत. घाईने गार केलं तर काच तडकते. म्हणून ती सावकाश निववावी लागते आणि तरीही काही नग वाया जातात. काच बसल्यावर मग धातूला सोन्याचं पाणी. आधी चढवलं तर ज्योतीपुढे टिकणार नाही.

या क्रमातून ओळखीच्या सगळ्या खुणा आपोआप निघतात. काच तारेपर्यंत सलग गेलेली असते, मध्ये गोंद नाही, नखं नाहीत, वेगळं कोंदण नाही. पृष्ठभाग एकसारखा सपाट नसतो. कुठे फुगीर, कुठे कडेला किंचित खोल. आत बुडबुडे असतात, बारीक आणि वेडेवाकडे विखुरलेले. रंगात कधीकधी ओघळल्याच्या रेषा दिसतात. मागून पाहिलं तर बहुतेक वेळा काच मागेही उघडी असते, म्हणून उजेड आरपार जातो. मागे चांदीचा वर्ख लावलेल्या खड्याची चमक वेगळी. तो उजेड परत फेकतो, ओतीव काच उजेड आत घेऊन रंगते. दोन शेजारच्या पाकळ्या मोजून सारख्या कधीच नसतात. दिसल्याच, तर संशय घ्यावा.

हत्यारं

दहापट दाखवणारं सोनाराचं भिंग, छोटी पांढऱ्या उजेडाची टॉर्च, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, लोहचुंबक आणि अतिनील उजेडाची टॉर्च. पाचही वस्तू मिळून एका साध्या ब्रोचपेक्षा स्वस्त पडतात. याशिवाय एक गोष्ट मुद्दाम विकत घ्यावी: तुटका, एखादी पाकळी निखळलेला, पण खात्रीचा ओतीव काचेचा नग. तो मिरवायला नव्हे, हाताळायला. फुटलेल्या कडेवर काचेची जाडी दिसते, तारेची कोरी बाजू दिसते, काच धातूला कशी धरून बसते ते दिसतं. असा एक नग आठवडाभर टेबलावर ठेवून येता-जाता पाहिला की नजर जेवढी बसते, तेवढी शंभर फोटो पाहून बसत नाही.

तपासणी: मागून सुरुवात करा

दागिना हातात आला की तो आधी उलटा करायचा. पुढची बाजू ग्राहकासाठी असते, मागची बाजू खरं बोलते.

मागे तारेची चौकट आणि तिचे जोड पाहा. हाताने वळवलेली तार थोडी कमीजास्त असते आणि जोडाशी डाखेचा छोटा फुगवटा दिसतो. चौकट एकसंध, ओतलेल्या धातूची असेल तर तेवढ्यावरून दागिना बाद होत नाही, कारण ओतीव चौकटीतही काच सोडतात. पण मग काचेच्या कडा जास्त बारकाईने पाहाव्यात.

आता टॉर्च मागून लावा आणि पुढून भिंगातून बघा. बुडबुडे, ओघळ, तारेशी काचेचा संगम. कडेला तांबूस रेघ दिसली तर घाबरू नका. ज्योतीत तांब्याची कड भाजली की तसं होऊ शकतं. मात्र कडेभोवती पारदर्शक, किंचित पिवळट कड दिसली, काचेच्या रंगाशी न जुळणारी, तर तो बहुधा डिंक आहे. म्हणजे एकतर तुकडा नंतर बसवलाय, नाहीतर मुळात तो ओतीव नाहीच, कापून चिकटवलाय.

इथे अतिनील टॉर्च कामाला येते. आधुनिक चिकटद्रव्यं त्या उजेडात बऱ्याचदा निळसर-पांढरी चमकतात, आणि साध्या उजेडात बेमालूम दिसणारी दुरुस्ती उघडी पडते. काचच हिरवी झळकली तर तिच्यात युरेनियम असण्याची शक्यता मोठी. त्यावरून ती फ्रेंच ठरत नाही. युरेनियमची काच युरोपात अनेक ठिकाणी होत असे. एखादा विक्रेता 'हिरवी चमकते म्हणून अस्सल' असं सांगत असेल तर त्याचं बाकीचं बोलणंही त्याच वजनाने घ्यावं.

शेवटी दागिना गालाला लावा. काच गार लागते आणि गारवा थोडा वेळ टिकतो. नकलेत काचेऐवजी येणारं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा कृत्रिम पदार्थ, चटकन कोमट होतं. रेझिन हलकंही असतं, पण धातू जाड असेल तर वजनावरून फसायला होतं, त्यामुळे गालाचा पुरावा जास्त भरवशाचा. तापवलेली सुई टोचणं, सुरीने ओरखडा काढून बघणं असले सल्ले इंटरनेटवर खूप आहेत. दुसऱ्याच्या वस्तूवर असं काही करणं शोभत नाही आणि आपल्या वस्तूवर करण्यात शहाणपण नाही.

ज्यांच्याशी गोंधळ होतो ते

रेझिनबद्दल वर आलंच. त्यात एक मेख आहे. गेल्या काही दशकांत मोठ्या फॅशनघरांनीही ग्रिप्वासारखे दिसणारे दागिने रेझिनमध्ये केले आहेत. म्हणजे शनेलचा शिक्का अस्सल आणि तरी आत काच नाही, असं होऊ शकतं. तो दागिना नकली नव्हे. पण काच म्हणून काचेचा भाव देऊ नये.

पारदर्शक मिन्याचं कामही जवळचं वाटतं. त्यात काचेची पूड तारेच्या कप्प्यात भरून भट्टीत वितळवतात, थर पातळ आणि पृष्ठभाग घोटून सारखा केलेला असतो. ओतीव काच जाड आणि फुगीर. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो बोहेमियाच्या काचेशी. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स, म्हणजे जुन्या गाब्लोन्त्सच्या परिसरात साच्यात दाबून केलेली फुलं, पानं, मणी, खडे प्रचंड प्रमाणात निघत आणि जगभर जात. पॅरिसचे कारागीरही तिथले खडे वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकलून दिलं गेलं, त्यांतले बरेच बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नॉयगाब्लोन्त्स इथे वसले आणि तोच धंदा पुढे चालू राहिला. दाबीव काचेवर साच्याची शिवण दिसते, मागची बाजू सपाट असते आणि एकाच साच्यातली फुलं तंतोतंत सारखी असतात. त्या काचेला कमी लेखायचं कारण नाही, फक्त ती फ्रेंच ओतीव नव्हे. आपल्याकडचा एक दुवा इथे सांगायला हवा. गाब्लोन्त्सच्या बांगड्या आणि मणी हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर येत असत. त्यामुळे आजीच्या पेटीत 'विलायती काच' सापडली, तर ती पॅरिसची असण्यापेक्षा बोहेमियाची असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पेटी उघडण्याआधीच किंमत मनात धरून बसू नये.

अमेरिकन माल वेगळा ओळखावा. ट्रिफारीसारख्या कंपन्यांनी 1930च्या दशकात कोरलेल्या पानाफळांसारखे साच्यातले रंगीत खडे लावून जे दागिने केले त्यांना संग्राहक 'फ्रूट सॅलड' म्हणतात. त्यांचं मूळ पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या 'तुत्ती फ्रुत्ती' दागिन्यांत आहे, आणि कार्तिएचं मूळ आपल्याकडच्या मोगल धाटणीच्या कोरीव पाचू-माणकांत. त्या घराण्यातला जाक कार्तिए 1911च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला होता. इथल्या राजेरजवाड्यांशी आणि रत्नांच्या बाजाराशी त्याचे संबंध जुळले. पॅरिसच्या काचेतही पाचू, माणिक आणि नीलम हेच तीन रंग पुन्हा पुन्हा दिसतात, हे लक्षात ठेवून बघायला मजा येते.

शिक्के, आणि ते नसणं

शनेलचं फॅशनघर 1939 साली बंद झालं आणि 1954 साली पुन्हा उघडलं. युद्धापूर्वीच्या दागिन्यांवर शिक्का नसतो असंच धरून चालावं. त्यामुळे 'शनेल, 1930चं दशक, शिक्क्यासह' अशी जाहिरात दिसली की थांबावं. तिरप्या हस्ताक्षरात नुसतं 'शनेल' लिहिलेले 1940च्या सुमाराचे ब्रोच बाजारात येतात. ते 1941च्या शनेल नॉव्हेल्टी कंपनी नावाच्या अमेरिकन धंद्याचे असतात, कोको शनेलशी त्यांचा संबंध नाही. वस्तू म्हणून ते चांगले असतात आणि त्यांचे वेगळे संग्राहकही आहेत. फक्त फ्रेंच म्हणून घेऊ नयेत.

नंतरच्या शनेलची शिक्क्यांची पद्धत शिकण्याजोगी आहे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून 1990च्या सुरुवातीपर्यंत मागच्या छोट्या लंबगोल पट्टीवर दोन 'सी'च्या चिन्हाच्या दोन बाजूंना दोन आकडे येतात आणि त्यांतून 23 ते 29पर्यंतचे संग्रह-क्रमांक तयार होतात. हे क्रमांक सालं नव्हेत, तरी '26' म्हणजे 1926 असं समजणारे आणि तसं सांगून विकणारे भेटतात. 1993पासून साल आणि ऋतूचं अक्षर आलं: '95' आणि 'पी' म्हणजे 1995चा वसंत, 'ए' म्हणजे शरद. पट्टी नीट डाखलेली हवी. डिंकाने चिकटवलेली, तिरकी बसलेली, अक्षरं पसरट झालेली पट्टी बघितली की पुढचं बोलणं बंद.

पुन्हा उघडल्यानंतरच्या शनेलच्या कामात रॉबेर गूसेन्स (1927–2016) यांचं नाव वारंवार येतं. 1950च्या दशकापासून त्यांनी बायझंटाइन धाटणीचे क्रॉस, साखळ्या, पदकं घडवली आणि त्यांत स्फटिक, काच, मोती सगळंच वापरलं. 'गूसेन्स' आणि 'ग्रिप्वा' ही दोन नावं विक्रेते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. एक मुख्यतः धातूकाम करणारा, दुसरी काचेची कार्यशाळा. एका दागिन्यात दोघांचा हात असू शकतो, पण विक्रेत्याने कशावरून म्हटलं, एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहेच.

दिओरचे अनेक दागिने 1955पासून जर्मनीतल्या फोर्त्झहाइमच्या हेन्केल उंड ग्रोसे यांनी केले. त्यांवर साल असतं आणि कधीकधी 'जर्मनी' असंही लिहिलेलं असतं. ते बघून नकली समजू नये. मात्र ते पॅरिसच्या कार्यशाळेतलं ओतीव कामही नव्हे.

'देपोझे' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ आकृतीची नोंदणी झाली आहे, एवढाच. तो कारागिराचं नाव नाही आणि साल तर नाहीच. 'फ्रान्स' किंवा 'मेड इन फ्रान्स' हे निर्यातीच्या मालावर येतं, म्हणून फ्रान्समध्येच विकल्या गेलेल्या दागिन्यावर ते नसणं स्वाभाविक आहे. आणि फ्रेंच सरकारी छाप, म्हणजे सोन्यावरचं गरुडाचं डोकं किंवा चांदीवरचं मिनर्व्हाचं मुख, पितळेच्या दागिन्यावर शोधूच नये. तिथे ती नसायलाच हवी.

आजही ओतीव काचेचं काम बंद पडलेलं नाही. थिएरी ग्रिप्वा यांचे 'ऑगस्तीन' या नावाचे दागिने बाजारात आहेत. काम अस्सल, हाताचं, देखणं. पण ते व्हिंटेज नाही. नव्याचा भाव देऊन नवं घेण्यात काही वावगं नाही, जुन्याचा भाव देऊन नवं घेऊ नये. शनेलच्या डिसेंबर 2011च्या 'पॅरिस-बॉम्बे' संग्रहातले दागिने मराठी खरेदीदारांना नावामुळे खुणावतात. तेही याच हिशेबात धरावेत.

काळ ठरवायचा तर फासा पाहा

काच काळ सांगत नाही, जोडकाम, म्हणजे टाचणी, कळ, फासा अशी दागिना अडकवायची सोय, थोडंफार सांगतं. ब्रोचची टाचणी नुसत्या 'सी'च्या आकाराच्या आकड्यात अडकत असेल तर वस्तू जुनी असण्याची शक्यता. नळीतून सरकणारी, ट्रॉम्बोन या वाद्याच्या सरकत्या नळीसारखी कळ युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भेटते. कानातल्याला न टोचलेल्या पाळीवर आवळायची फिरकी असेल तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, आणि चापाची क्लिप 1930च्या दशकापासून पुढची. पण फिरक्या, चाप, फासे बदलले जातात. नवा फासा म्हणजे नवा दागिना नव्हे, आणि जुना फासा लावून नव्याला जुनं करणारेही आहेत. फाशाभोवतीच्या मुलाम्याचा रंग बाकीच्या धातूशी जुळतो का, तेवढं बघावं.

कुठे शोधायचं

पॅरिसला जाणं होत असेल तर सँतुआँचा जुन्या वस्तूंचा बाजार शनिवार ते सोमवार भरतो. तिथले जाणकार दुकानदार चांगला माल ठेवतात आणि त्याचा भावही पुरेपूर घेतात. शिकायला ही जागा उत्तम, स्वस्तात घ्यायला नव्हे. व्हाँव्हचा बाजार शनिवार-रविवारी सकाळी असतो, छोटा, रस्त्याकडेचा. तिथे लवकर जावं. गावोगावचे 'व्हीद-ग्रनिए', म्हणजे लोक माळ्यावरचं सामान काढून विकतात ते दिवस, हे खरं नशीब आजमावायचं ठिकाण.

लिलावासाठी पॅरिसमध्ये द्रुओ हे लिलावघर. विक्रीआधी माल मांडून ठेवतात आणि कोणालाही हातात घेऊन बघता येतो. बोली लावायची नसली तरी जावं. दहा नग हाताळायला फुकट मिळतात, अशी शाळा दुसरी नाही. बोली लावणार असाल तर हातोड्याच्या, म्हणजे बोली थांबते त्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, बऱ्याचदा 25 टक्क्यांच्या पुढेमागे, हे आधी धरून आपली कमाल रक्कम कागदावर लिहून ठेवा.

पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा न्यू जर्सीत बसून खरेदी करणाऱ्याला मात्र फोटोंवरच भिस्त ठेवावी लागते. विक्रेत्याला नम्रपणे, पण नेमकं मागा: मागच्या बाजूचा सरळ फोटो, खिडकीपुढे धरून आरपार उजेडाचा फोटो, फाशाचा जवळून फोटो, वजन आणि मापं. मग थेट विचारा की काचेत कुठे तडा, कपची, डिंक किंवा बदललेला भाग आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. 'वयानुसार उत्तम' असं गुळमुळीत उत्तर आलं तर पुन्हा विचारा. आरपार उजेडाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, भाव कितीही गोड असो.

भाव आणि दोष

भाव ठरवणाऱ्या गोष्टी चार: काचेचं काम, शाबूतपणा, आकृती आणि नाव. नावाचा भाग सर्वांत मोठा असतो आणि तो सर्वांत कमी टिकाऊ. तोच कारागीर, तीच काच, पण फॅशनघराचा शिक्का नाही, म्हणून किंमत कितीतरी पट खाली येते. मर्यादित पैशांत संग्रह करायचा असेल तर इथेच जागा आहे.

दोषांत फरक करावा. काचेतला बुडबुडा हा दोष नाही. तारेपाशी घडतानाच पडलेली केसासारखी रेघ, स्थिर असेल तर, सोसता येते. नखाला लागणारी चीर सोसू नये, ती वाढते. कपची उडालेली काच पुन्हा ओतून भरता येत नाही म्हटलं तरी चालेल: त्या कप्प्यावर ज्योत धरायची तर शेजारची काच तडकण्याची भीती. म्हणून दुरुस्ती म्हणजे रेझिनचा भराव. पुन्हा चढवलेलं सोन्याचं पाणी बघून बरेचजण भुलतात. मला विटलेला, मूळचा मुलामा परवडतो. नव्या झळाळीखाली जोड आणि खुणा बुजून गेलेल्या असतात.

भारतात आणताना

पार्सल जकातीतून जातं. जकातीच्या वर्गवारीत नकली दागिन्यांचा क्रमांक 7117, सुट्या काचमण्यांचा 7018. सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर बघून घ्यावा. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला किंवा 'भेट' म्हणून पाठवायला सांगू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल फुटलं तर विम्याचे पैसे कागदावर लिहिलेल्या किमतीइतकेच मिळतात. पॅकिंगबद्दल एकच आग्रह: दागिना आतल्या डबीत हलता कामा नये आणि ती डबी बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी मऊ भरावावर असावी. मण्यांचा सर असेल तर मोती एकमेकांवर घासणार नाहीत असा गुंडाळायला सांगा.

सांभाळ

पाण्यात बुडवायचं नाही, अल्ट्रासॉनिक यंत्रात तर अजिबात नाही. कापसाची काडी शुद्ध पाण्यात किंचित ओलवून काचेवरून फिरवा आणि लगेच कोरड्या काडीने टिपा. ओल तारेच्या कडेला साचली की पितळेला हिरवट गंज धरतो. मोत्यांना अल्कोहोल, अत्तर आणि केसांचा स्प्रे चालत नाही, वरचा थर जातो. सगळी सजावट झाल्यावर दागिना शेवटी घालावा आणि घरी आल्यावर आधी काढावा. एसी गाडीतून उतरून थेट भर उन्हात, असे तापमानाचे झटके शक्यतो टाळावेत, विशेषतः चीर असलेल्या नगाला.

आपल्या हवेत मुख्य शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात दमटपणा भरलेला असतो आणि पितळ त्याला लगेच दाद देतं. प्रत्येक नग आम्लरहित कागदात किंवा धुतलेल्या, बिनकांजीच्या सुती कापडात वेगळा गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा वाळवा. लोकरी कापड, रबरबँड आणि साधी पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं डब्यात नकोत. त्यांतून निघणारे वायू धातू काळवंडवतात. हिरवट बुरशीसारखा गंज दिसलाच तर लाकडी दातकोरणीने सुका खरवडावा. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही त्याच्या जवळ नेऊ नये. तांब्यापितळेच्या भांड्यांचा तो उपाय मुलाम्याला एका घासणीत संपवतो.

वही ठेवा

प्रत्येक नगाची एक नोंद: पुढून, मागून आणि आरपार उजेडात असे तीन फोटो, वजन, मापं, कुठून, कधी, कितीला, विक्रेत्याने काय सांगितलं आणि आपल्याला काय दिसलं. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. विक्रेता 'ग्रिप्वा, 1950चं दशक' म्हणाला आणि आपल्याला फक्त 'ओतीव काच, तारेची चौकट, ट्रॉम्बोन कळ' दिसली, तर दोन्ही तसंच लिहावं. नोंदीत 'ग्रिप्वाचं' आणि 'ग्रिप्वा पद्धतीचं' यांतला फरक काटेकोर पाळावा, कारण उद्या आपण विकायला काढलं तर पुढचा खरेदीदार हीच वही मागेल. मूळ पावती आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार छापून त्या पानालाच टाचून ठेवा. फोन बदलला की चॅट जातात.